ठराव मंजूर झाला, पुढे काय?

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत एखादा विषय मंजूर झाला की दुसऱ्या दिवशी बातमी येते, फोटो येतो आणि लोकांना वाटतं काम झालं. आमच्या बाजारपेठेतल्या महिला स्वच्छतागृहाच्या निमित्ताने मी हे सगळं जवळून पाहिलं. ठराव होण्याआधी काय काय जुळून यावं लागतं आणि झालेला ठराव प्रत्यक्ष जमिनीवर उतरायला काय लागतं, हे कुणीतरी आधीच सांगितलं असतं तर आमचा बराच काळ वाचला असता. म्हणून हे लिहिते आहे. नगरपरिषदेकडे काही मागायला निघालेल्या कुणालाही यातलं थोडं तरी उपयोगी पडेल.

आमची नगरपरिषद ‘ब’ वर्गातली, म्हणजे 40 हजार ते एक लाख लोकसंख्येच्या शहराची. बाजारात रोज भाजीवाल्या बसतात, आठवडी बाजाराला खेड्यांवरून आणखी येतात. पहाटे लिलावाला आलेली बाई संध्याकाळी पाटी रिकामी करूनच उठते. पुरुषांसाठी मुतारी होती. बायकांसाठी काहीच नव्हतं. मी बाजारालगतच्या एका पतसंस्थेत नोकरी करते. आमच्या कार्यालयातलं स्वच्छतागृह वापरू द्याल का, असं विचारणाऱ्या बायका रोज असायच्या, आणि विचारायला संकोचणाऱ्या त्याहून जास्त. त्यातल्या अनेकींनी दिवसभर पाणी न पिण्याची सवय लावून घेतली होती. लघवीच्या जागी जळजळ, ताप, मग डॉक्टर, हे त्यांच्यापैकी कितीतरी जणींना ठाऊक होतं. पण बोलायचं कुणापुढे?

2018 मध्ये आम्ही काही जणींनी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज केला. खाली भाजीवाल्यांच्या सह्या आणि अंगठे. आवक-जावक विभागात अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. ती पोच फार महत्त्वाची. पुढे ज्या टेबलाशी उभं राहिलो तिथे पहिला प्रश्न तोच असायचा, ‘आवक नंबर काय?’

उत्तर आलं नाही. विचारायला गेलं की बांधकाम विभागाकडे बोट, तिथे गेलं की आरोग्य विभागाकडे. शेवटी माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून आमच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत मागितली. कायद्याने 30 दिवसांत माहिती द्यावी लागते. प्रत मिळाली तेव्हा कळलं, आमच्या अर्जावर ‘जागा उपलब्ध नाही’ असा एका ओळीचा शेरा होता आणि तो दप्तरी दाखल झाला होता. म्हणजे नकार मिळालेला होता, फक्त आम्हाला कुणी कळवला नव्हता. मला त्या ओळीचा राग आला, पण तिचा उपयोगही झाला. आता नेमकं कशाला उत्तर द्यायचं ते समजलं.

आमच्या प्रभागाच्या नगरसेविका ताईंकडे ती प्रत घेऊन गेलो. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये 2011 पासून महिलांना 50 टक्के आरक्षण आहे, त्यामुळे सभागृहात निम्म्या बायका होत्या. ताई म्हणाल्या, ‘तुम्ही अर्ज कितीही द्या, जोवर विषयपत्रिकेवर येत नाही तोवर सभागृह त्यावर बोलू शकत नाही.’ त्यांनी सगळं नीट समजावलं. सर्वसाधारण सभेची नोटीस सदस्यांना सात दिवस आधी जाते आणि तिच्यासोबत विषयपत्रिका असते. विषय त्यावर यायचा तर त्याआधीच सदस्याचा लेखी प्रस्ताव आणि त्यावर विभागाची टिपणी तयार हवी. आयत्या वेळी मांडलेला विषय घाईत मंजूर होतो खरा, पण त्यावर नंतर कुणीही बोट ठेवू शकतं. ‘आपल्याला वेळ लागला तरी चालेल, विषय रीतसर येऊ दे,’ असं त्या म्हणाल्या आणि पुढे ते वारंवार पटत गेलं.

प्रस्तावात आम्ही एक वाक्य आवर्जून घातलं. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 च्या कलम 49 मध्ये नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्यं दिलेली आहेत आणि सार्वजनिक शौचालयं, मुताऱ्या बांधणं व राखणं हे त्यांतलं एक आहे. हा उल्लेख आल्यावर बोलण्याचा सूर बदलला. तोवर आमची मागणी म्हणजे एक सोय, जमली तर करू, अशी होती. कलम समोर आल्यावर ‘का केलं नाही’ हा प्रश्न कार्यालयाच्या बाजूला गेला.

सभा लोकांसाठी खुली असते, हे फार थोड्यांना माहीत असतं. आम्ही जाऊन बसलो. सोबत दोन भाजीवाल्या होत्या, त्यांनी त्या दिवशीचा धंदा सोडला होता. आधी मागील सभेचं इतिवृत्त कायम करणं, मग पाणीपुरवठ्याची देयकं, गटारींची कामं, दिवाबत्ती, एका रस्त्याच्या नावावरून लांबलेली चर्चा. आमचा विषय बराच खाली होता. तो पुकारला तेव्हा काही सदस्य उठून बाहेर गेले होते. एका सदस्याने विचारलं, ‘बाजारात जागा आहे कुठे? हातगाड्यांनी आधीच रस्ता अडलाय.’ दुसऱ्याने म्हटलं, बांधायला सोपं आहे, स्वच्छ कोण ठेवणार? दोन्ही प्रश्न खरे होते.

मग एरवी फारसं न बोलणाऱ्या एक ज्येष्ठ नगरसेविका उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, ‘मी स्वतः या बाजारात भाजी विकली आहे. दुपार झाली की आम्ही पाणी प्यायचं बंद करायचो. माझ्या सुनेने तेच करावं असं मला वाटत नाही.’ एवढंच. सभागृहात कुणी काही बोललं नाही. सूचक आमच्या ताई, अनुमोदक त्या. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. शेजारी बसलेल्या मावशींनी माझा हात घट्ट धरला, तो क्षण मी विसरणार नाही.

ठरावाची सही-शिक्क्याची प्रत हातात आली, तेव्हा त्यातला मजकूर असा होता: बाजारपेठ परिसरात योग्य जागा निश्चित करून व निधीच्या उपलब्धतेनुसार महिलांसाठी स्वच्छतागृह बांधण्यास ही सभा मंजुरी देत आहे. जागा ठरलेली नाही, पैसे कुठून येणार ते नाही, देखभाल कोण करणार याचा तर उल्लेखच नाही. पतसंस्थेत कर्ज मंजूर होणं आणि रक्कम खात्यात पडणं यात जेवढं अंतर असतं, तेवढंच इथेही होतं. ठराव हाताशी असणं गरजेचं होतंच, कारण त्याशिवाय फाइल सुरूच होत नाही. पण खरे निर्णय अजून व्हायचे होते, आणि ते सभागृहाबाहेर, वेगवेगळ्या टेबलांवर व्हायचे होते. जो कुणी नगरपरिषदेकडून काम मागतो त्याने ठरावाचा मसुदा सभेपूर्वीच वाचावा आणि जागा, लेखाशीर्ष (म्हणजे खर्च कोणत्या खात्यातून होणार), देखभाल या तीन गोष्टी त्यात येतात का ते पाहावं, असं मला आज ठामपणे वाटतं.

जागेचा शोध सर्वांत दीर्घ चालला. पहिली जागा स्थापत्य अभियंत्यांनी सुचवली, पुरुषांच्या मुतारीला लागून. पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन तिथे आधीच होती, त्यामुळे खर्च कमी. आम्ही भाजीवाल्यांना घेऊन जागेवर गेलो. त्यांनी पाहताक्षणी नाही म्हटलं. तिन्हीसांजेला तिथे बाई पाऊल टाकू शकत नाही, कारण समोरच दारूचं दुकान. नकाशावर ती जागा सर्वांत योग्य दिसत होती आणि तिथे बांधलं असतं तर ते कुलूपबंद राहिलं असतं. अशी न वापरलेली बांधकामं आपल्या गावोगाव किती असतील, आणि त्या प्रत्येकाच्या पूर्णत्वाचा दाखला फाइलमध्ये नीट लावलेला असेल!

दुसरी, जुन्या जकात नाक्याशेजारची मोकळी पट्टी. सगळ्यांना वाटत होतं ती नगरपरिषदेचीच आहे. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीचा उतारा, काढली तर ती सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्त्यात निघाली. त्यांचं ना हरकत मिळेपर्यंत थांबायचं, तर ते कधी मिळेल याला अंत नव्हता. ती सोडली.

तिसरी जागा नगरपरिषदेच्याच व्यापारी संकुलाच्या मागच्या कोपऱ्यातली. मिळकत पत्रिकेवर नाव नगरपरिषदेचं, बाजारातून चार पावलांवर, दिव्याखाली. बायकांना पसंत. पण तिथे आरोग्य निरीक्षकांनी एक प्रश्न विचारला, जो आमच्यापैकी कुणाच्याच मनात आला नव्हता: मैला उपसणारी गाडी आत येईल का? आमच्या शहरात भुयारी गटार नाही, त्यामुळे सेप्टिक टँक आलाच, आणि तो भरल्यावर उपसावा लागणार. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणाऱ्या 2013 च्या कायद्यानुसार संरक्षक साधनांशिवाय कुणालाही टाकीत उतरवता येत नाही. उपसा यंत्रानेच व्हायला हवा. गाडी टाकीपर्यंत पोहोचत नसेल तर एक दिवस कुणातरी गरिबाला आत उतरवलं जाईल, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्या निरीक्षकांबद्दल माझ्या मनात कायमचा आदर आहे. त्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी कचऱ्याचं जुनं कोंडाळं होतं. घंटागाडी सुरू झाल्यापासून ते वापरात नव्हतं. ते पाडलं की गाडीला वाट मिळत होती. टाकी बोळाच्या तोंडाकडे घ्यायची आणि कोंडाळं पाडायचं, असं ठरलं.

जागा ठरल्याची कुणकुण लागताच संकुलातल्या गाळेधारकांची लेखी हरकत आली. त्यांच्यापैकी काहींनी थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. नगरपरिषदेच्या ठरावामुळे लोकांना त्रास होईल किंवा तो बेकायदेशीर आहे असं वाटल्यास जिल्हाधिकारी त्याच 1965 च्या अधिनियमाच्या कलम 308 खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. ठराव थांबवल्याचा आदेश कधीच निघाला नाही, फक्त मुख्याधिकाऱ्यांकडून अहवाल मागवला गेला. पण तेवढ्याने फाइल जागची हलेना. ‘प्रकरण वर गेलंय’ हे उत्तर मग दर वेळी ऐकायला मिळायचं. मुळात अशी स्थगिती लेखी आदेशानेच येते. आदेश नसेल तर काम थांबवायचं कारण नाही. हे आम्ही लेखी विचारलं, तेव्हा कुठे अहवाल रवाना झाला.

त्याच काळात गाळेधारकांशी बोलायचं ठरवलं. मोर्चा काढू, असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं होतं. मला ते पटेना, कारण ही माणसं आमची रोजची ओळखीची, पतसंस्थेचे खातेदार. संध्याकाळी दुकानं मिटल्यावर संकुलाच्या पायऱ्यांवर बसलो. एक वयस्कर कापड दुकानदार म्हणाले, ‘ताई, आम्हालाही आया-बहिणी आहेत. पण नगरपरिषदेची मुतारी कशी असते ते तुम्ही पाहता ना? तीच आमच्या मागच्या खिडकीखाली येणार.’ त्यांची भीती अनुभवातून आली होती. स्वच्छतागृहाला त्यांचा विरोध नव्हता, विरोध होता तो घाण स्वच्छतागृहाला. आणि घाण स्वच्छतागृह आम्हालाही नकोच होतं. मग त्यांनी अटी सांगितल्या: दार दुकानांच्या बाजूला नको, टाकीवर बंद झाकण हवं, दिवसातून निदान तीन वेळा सफाई, सफाईची वही भिंतीवर, आणि बाई देखरेखीला. आम्ही त्या तशाच लिहून घेतल्या, दोन्ही बाजूंनी सह्या केल्या आणि ते पत्र नगरपरिषदेत दिलं. हरकतीचा कागद असा अटींचा कागद झाला. पुढे देखभालीच्या ठरावात त्यातल्या बहुतेक अटी जशाच्या तशा आल्या.

आता पैसा. अंदाजपत्रक फेब्रुवारीत विशेष सभेपुढे येतं, पण त्यातल्या तरतुदींची जुळवाजुळव त्याच्या बरीच आधी सुरू झालेली असते. मार्गशीर्ष-पौषात लेखापालांच्या टेबलाशी जो जातो त्याचं काम आत येतं. सभेच्या दिवशी येणाऱ्याच्या वाट्याला उपसूचना येते. महिला व बालकल्याणासाठी नगरपरिषदेने 5 टक्के निधी ठेवायचा असतो. त्यातून मागितलं, तर तो शिलाईकाम आणि अशाच प्रशिक्षणांसाठी आधीच वाटला गेला होता. 2020-21 च्या अंदाजपत्रकात शेवटी तरतूद मिळाली आणि त्याच मार्चमध्ये टाळेबंदी लागली. वसुली थांबली, नवी कामं थांबली, तरतूद तशीच व्यपगत झाली, म्हणजे न वापरता संपली. तेव्हा काही बोलायची सोयच नव्हती. बाजारच बंद होता आणि भाजीवाल्या घरी बसून होत्या.

बाजार पुन्हा भरू लागल्यावर लेखापालांनीच वाट दाखवली. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात 2021-22 पासून लहान शहरांसाठी 60 टक्के निधी बंधित होता, आणि त्यातला निम्मा स्वच्छतेच्या कामांसाठी. म्हणजे तो रस्त्यावर किंवा कमानीवर खर्चच करता येत नव्हता. आमच्या फाइलमध्ये ठराव होता, जागेची मिळकत पत्रिका होती, पूर्वगणनपत्रक म्हणजे खर्चाचा अंदाज होता, गाळेधारकांचं पत्र होतं. तयार असलेलं काम म्हणून ते आराखड्यात बसलं. ज्यांची मागणी आमच्याइतकीच खरी होती पण कागद तयार नव्हते, त्यांची कामं राहिली. यात न्याय आहे असं मी म्हणणार नाही. पण निधी अचानक येतो आणि खर्चाची मुदत थोडी असते, तेव्हा तयार फाइलच पुढे सरकते.

तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश हे सगळं मग ठरलेल्या क्रमाने झालं, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

नकाशाबद्दल मात्र सांगायलाच हवं. तो आम्ही निविदेपूर्वी मागून घेतला आणि भाजीवाल्यांसमोर पसरला. त्यातल्या दोघी-तिघींना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण प्रश्न त्यांनीच विचारले. पैशाची पिशवी कुठे टांगू? म्हणून आतून भक्कम खुंटी. लेकराला कुठे ठेवू? म्हणून बाहेरच्या बाजूला ओटा. पाळीच्या दिवसांत कपडा, पॅड कुठे टाकू? म्हणून प्रत्येक खोलीत झाकणाचा डबा. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीसाठी एक खोली कमोडची, उतरणीसह आणि हाताला कठडा. खिडकी उंच, पण जाळीची. कडी आतून, आणि ती नीट बसणारी. हे सगळं मूळ पूर्वगणनपत्रकात नव्हतं. तरुण अभियंत्याने एकेक बाब दरसूचीत, म्हणजे कामांच्या सरकारी दरांच्या यादीत, शोधून बसवली. खुंटी आणि ओटा यांना कितीसा पैसा लागतो? पण निविदा निघून गेल्यावर त्याच खुंटीसाठी वाढीव बाब म्हणून नवी मान्यता लागली असती.

इमारत 2021 च्या पावसाळ्यानंतर उभी राहिली. पण देखभालीचा ठराव वेगळा करून घ्यावा लागला, आणि माझ्या मते या सगळ्या खटपटीतला सर्वांत महत्त्वाचा कागद तोच आहे. लघवीसाठी पैसे घ्यायचे नाहीत. पहाटे लिलाव सुरू होण्याआधी कुलूप उघडायचं, कारण कार्यालयीन वेळेत उघडणारं स्वच्छतागृह भाजीवालीच्या काय कामाचं? देखरेखीला बाईच नेमायची. पाण्याची जोडणी स्वतंत्र आणि वर टाकी, कारण नळाला एक दिवसाआड पाणी. सफाईची वही भिंतीवर. सेप्टिक टँक उपसण्याचं वेळापत्रक आरोग्य विभागाकडे. ही शेवटची अट कागदावर आणायला त्याच आरोग्य निरीक्षकांनी मदत केली. सभागृहाची मुदत संपता संपता हा ठराव झाला.

कारण 2021 च्या अखेरीस मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आले. ती वर्षं आमच्यासाठी वेगळी होती. ठराव होत होते, पण सभा नव्हती, विषयपत्रिका नव्हती, जाऊन बसायला जागा नव्हती. प्रशासक मनाने चांगले होते; देखरेखीच्या बाईचा पगार थकला तेव्हा त्यांनी तो लगेच मार्गी लावला. तरी एका माणसाच्या चांगुलपणावर स्वच्छतागृहाचं पाणी अवलंबून असावं, हे मला कधीच बरं वाटलं नाही. त्या काळात आम्ही लोकशाही दिनाचा, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याच्या सरकारी दिवसाचा, आधार घेतला. तालुका स्तरावर तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो आणि अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. पाण्याच्या मोटारीचा प्रश्न तिथेच सुटला, कारण तिथे उत्तर लेखी द्यावं लागतं.

डिसेंबर 2025 मध्ये अखेर निवडणूक झाली आणि सभागृह पुन्हा भरलं. प्रचाराला आलेल्या प्रत्येक उमेदवाराला भाजीवाल्यांनी बोळात नेऊन सफाईची वही दाखवली आणि बस स्थानकामागच्या दुसऱ्या बाजाराचं काय, असं विचारलं. तिथेही तीच अवस्था आहे. या वेळी मिळकत पत्रिका आधी काढली आहे, गाडीची वाट मोजली आहे, शेजारच्या दुकानदारांशी बोलून झालं आहे. ठरावाचा मसुदा आम्ही लिहून नव्या नगरसेविकांकडे दिला आहे. त्यात जागेचा नगर भूमापन क्रमांक आहे, लेखाशीर्ष आहे आणि देखभालीच्या अटीही आहेत.